यंत्राचे वाचन आणि आपले गाव

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका शिक्षकाने, बी.ए., बी.एड., दिलेले व्याख्यान)



मेळाव्याच्या दिवशी उसाचा हंगाम ऐन भरात होता आणि पुष्कळ पालकांना इच्छा असूनही येता आले नाही. म्हणून चिटणीससाहेबांनी हे भाषण स्मरणिकेसाठी लिहून मागितले. तेव्हा जे त्या दिवशी समोर बसले होते त्यांच्याबरोबरच, आज घरी हे पान उघडून बसलेल्या वाचकांशीही मी बोलतो आहे असे समजावे.

गेली दोन-तीन वर्षे पालकसभेत एक प्रश्न हटकून येतो. ‘‘सर, पोरगं मोबाइलला काहीही विचारतं आणि मोबाइल धडाधड उत्तर देतो. त्याला हे कोण शिकवतं?’’ प्रश्न साध्या माणसाचा आहे, पण मोठमोठ्या विद्यापीठांनी याच प्रश्नावर वर्षानुवर्षे घालवली आहेत. थोडक्यात उत्तर असे की, यंत्राला एकेक गोष्ट कोणी हात धरून शिकवत नाही. ते वाचून शिकते. जगभरच्या माणसांनी इंटरनेटवर जे लिहून ठेवले आहे, ते वाचते. कसे वाचते, त्यातून काय समजते आणि कोठे फसते, एवढेच मला सांगायचे आहे. मी संगणकाचा इंजिनिअर नव्हे. भाषा आणि इतिहास शिकवणारा मास्तर आहे. पण वाचायला शिकवणे हा माझा व्यवसायच असल्यामुळे, कोणीही वाचायला बसला की तो कसा वाचतो याकडे माझे लक्ष जाते. मग तो विद्यार्थी असो की यंत्र.

आरंभी शास्त्रज्ञांना वाटले होते की यंत्राला ज्ञान हातानेच भरवावे. अमेरिकेत डग्लस लेनाट यांनी १९८४ साली ‘साइक’ नावाचा प्रकल्प सुरू केला. आई लेकरापेक्षा वयाने मोठी असते, पावसात भिजले की कपडे ओले होतात, मेलेला माणूस बाजारात जात नाही, अशा तुम्हा-आम्हाला कोणी कधी न शिकवलेल्या गोष्टी त्यांनी माणसे बसवून एकेक करून यंत्रात लिहवल्या. हे काम दशकानुदशके चालले. आपल्याकडे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० नंतरच्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, किंवा वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश उभा राहिला आणि १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड आला, ती कामे आठवा. जाणती माणसे वाचणार, पारखणार आणि मग नोंद लिहिणार. विश्वकोशातल्या नोंदीखाली ती लिहिणाऱ्याचे नाव असते. हे नाव ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

पण हाताने किती भरवणार? म्हणून दुसरा विचार पुढे आला की यंत्रालाच वाचायला शिकवावे. आता यंत्राला अर्थ तर कळत नाही. मग ते वाचते कसे? ते वाक्याची ठेवण पाहते. १९९२ साली मार्टी हर्स्ट या अमेरिकन विदुषीने दाखवून दिले की काही शब्दप्रयोग असे असतात की त्यांच्या आगेमागे ज्ञान ठेवलेलेच असते. तिचे उदाहरण इंग्रजीतले होते, मी आपले देतो. ‘गोदावरी, प्रवरा, मुळा यांसारख्या नद्या’ हे शब्द पाहा. गोदावरी म्हणजे काय, नदी म्हणजे काय, हे यंत्राला ठाऊक नाही. पण ‘यांसारख्या’ या शब्दाच्या अलीकडे जी नावे आहेत ती पलीकडच्या जातीची आहेत, एवढा नियम दिला की ते वहीत लिहून घेते: गोदावरी ही नदी, प्रवरा ही नदी, मुळा ही नदी. लाखो पाने अशी चाळली की नद्यांची यादी तयार.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुम्ही हसाल. त्याच यंत्रासमोर दुसरे पान आले, त्यात लिहिले होते: ‘मुळा, गाजर यांसारख्या भाज्या’. यंत्राने इमानाने लिहून घेतले की मुळा ही भाजी. आणि तिसऱ्या पानावर वाचले की मुळा प्रवरेला मिळते. म्हणजे एक भाजी नेवासे तालुक्यात दुसऱ्या नदीला जाऊन मिळाली! शिवाय मुळा नावाचे धरण आहे, मुळा नावाचा साखर कारखाना सोनईत आहे, आणि पुण्याची मुळा नदी ती वेगळीच. आपल्याकडचे चौथीचे पोर यात गोंधळत नाही, कारण त्याने मुळा खाल्लेला आहे आणि मुळेचे पात्रही पाहिलेले आहे. यंत्राने दोन्ही पाहिलेले नाहीत. त्याच्याकडे आहेत ती फक्त अक्षरे.

पुढची पायरी अधिक हुशारीची होती. १९९८ मध्ये सर्गेई ब्रिन यांनी, म्हणजे गूगलच्या दोन संस्थापकांपैकी एकाने, यंत्राला केवळ पाच पुस्तके आणि त्यांचे लेखक सांगितले. मग सांगितले की ही जोडी इंटरनेटवर जेथे जेथे दिसेल तेथले वाक्य कसे रचलेले आहे ते पाहा, आणि तशाच रचनेची दुसरी वाक्ये शोधून नव्या जोड्या काढ. नव्या जोड्यांवरून आणखी नव्या रचना, त्यांवरून आणखी जोड्या. व्याजावर व्याज चढावे तसे हे ज्ञान वाढत जाते.

आपल्या जिल्ह्यातला दाखला घेऊ. ‘कोणता ग्रंथ कोठे लिहिला गेला’ हे यंत्राला शिकवायचे आहे. आपण बियाणे म्हणून तीन जोड्या देऊ. ज्ञानेश्वरी नेवाशात झाली, १२९० साली. पंडित नेहरूंचे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ अहमदनगरच्या किल्ल्यात, आणि मौलाना आझादांची ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रेही त्याच किल्ल्यात, १९४२ च्या चळवळीनंतर दोघेही तेथे स्थानबद्ध होते. (एकाच जिल्ह्यात असे तीन ग्रंथ जन्मले, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे, हा प्रश्न आज बाजूला ठेवतो.) या तीन जोड्यांवरून यंत्र वाक्याचा साचा उचलते: ‘अमुक ग्रंथ तमुक ठिकाणी लिहिला’. त्या साच्याने गीतारहस्य आणि मंडाले ही जोडी बिनचूक सापडते. पण मग ‘हा निबंध मी नववीत लिहिला’ असे कोणाचे वाक्य येते, आणि यंत्र ‘नववी’ हे एक गाव म्हणून नोंदवते. पुढे ‘नववीत नापास झालो’, ‘नववीत पुन्हा बसलो’ ही वाक्ये वाचून त्या गावात आणखी काय काय घडते तेही ते शिकत जाते. एक चूक आत शिरली की ती पुढच्या चुकांचे बियाणे होते.

हे मी कल्पनेने सांगत नाही. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०१० मध्ये ‘नेल’ नावाचे यंत्र सुरू केले. नावाचा अर्थच असा की, भाषा शिकण्याचे ज्याचे काम कधी संपत नाही. रात्रंदिवस वाचायचे, काल शिकलेल्याच्या आधारे आज अधिक शिकायचे. त्याला शहरे, नद्या, कंपन्या, खेळाडू अशा काही जाती आणि त्यांच्यातले काही संबंध आखून दिले होते. प्रत्येकासाठी दहा-पंधरा उदाहरणे दिली आणि इंटरनेटची ५० कोटी पाने पुढ्यात टाकली. पहिल्या ६७ दिवसांत त्याने २,४२,००० गोष्टी शिकल्याचे नोंदवले. नमुना काढून तपासले तेव्हा त्यांतल्या सुमारे ७४ टक्के बरोबर निघाल्या. पालकांना ७४ टक्के म्हणजे चांगले गुण वाटतील. पण याचा अर्थ साठ हजारांहून अधिक गोष्टी चुकीच्या होत्या, आणि त्या बरोबर असलेल्यांच्या शेजारीच, तशाच आत्मविश्वासाने मांडून ठेवलेल्या होत्या.

माझ्यातल्या मास्तराला मात्र दुसरे आकडे अधिक बोलके वाटतात. त्या काळाचे तीन समान भाग केले तर पहिल्या भागात शिकलेल्यांपैकी ९० टक्के बरोबर, मधल्या भागात ७१ आणि शेवटच्या भागात ५७. वाचन वाढत गेले तशी अचूकता घसरत गेली! असे गुणपत्रक कोणा विद्यार्थ्याचे आले असते तर आपण पालकांना बोलावून घेतले असते. कारण तेच, जे वर सांगितले. सोप्या गोष्टी आधी सापडल्या, मग कालच्या चुकांवर आजचे शिक्षण उभे राहू लागले. या ‘नेल’ची एक चूक फार गाजली. इंग्रजीत ‘कुकी’ म्हणजे खायचे बिस्किट, आणि संगणकात साठणाऱ्या एका लहानशा फाइललाही कुकी म्हणतात. ‘मी कुकीज पुसून टाकल्या’, ‘मी फाइली पुसून टाकल्या’ अशी वाक्ये वाचून यंत्राने ठरवले की फाइली हाही भट्टीतून निघणारा खाद्यपदार्थ आहे. शेवटी शास्त्रज्ञांना अधूनमधून बसून त्याची वही तपासावी लागली. दर दोन आठवड्यांनी थोडा वेळ, पण माणसाने तपासावे लागलेच.

त्यांनी एक चांगली युक्तीही केली होती. यंत्राला बजावले होते की एकच गोष्ट एकाच वेळी नदी आणि भाजी असू शकत नाही. खेळाडू असेल तर तो माणूस असलाच पाहिजे. राजधानी असेल तर ते शहर असलेच पाहिजे. अशा अटी एकमेकींत गुंतवल्या की एका विषयातले ज्ञान दुसऱ्या विषयातल्या चुकीला अडवते. २०१८ पर्यंत त्याच्या वहीत १२ कोटी नोंदी झाल्या, आणि प्रत्येक नोंदीपुढे यंत्राला तिची किती खात्री वाटते तेही लिहिलेले असे. ही पद्धत मला फार आवडली. आपल्या मुलांनी उत्तरपत्रिकेत प्रत्येक उत्तरापुढे आपली खात्री किती ते लिहायला सुरुवात केली, तर तपासणाऱ्याला मूल ओळखू येईल.

‘नेल’ इंग्रजी वाचत होते, पुढे त्याची पोर्तुगीज वाचणारी आवृत्ती झाली. मराठी वाचणे यंत्राला अधिक अवघड जाते, आणि त्याचे कारण तुमच्या व्याकरणाच्या पुस्तकात आहे. इंग्रजीत गावाचे नाव वाक्यात कोठेही आले तरी तसेच राहते. मराठीत ‘शिंगणापूर’ला प्रत्यय लागला की ‘शिंगणापुरात’, पू चा पु होतो. ‘नेवासे’ म्हणता म्हणता ‘नेवाशात’ होते, स चा श होतो. सामान्यरूप हा धडा मुले रडत शिकतात. यंत्रालाही तो शिकावाच लागतो, नाहीतर त्याच्या लेखी नेवासे आणि नेवाशा ही दोन गावे. त्यात आपण एकच नाव किती तऱ्हांनी लिहितो पाहा: शनिशिंगणापूर, शनी शिंगणापूर, आणि हिंदी पाट्यांवर शिंगणापुर. उलट साताऱ्याकडचे शिखर शिंगणापूर आणि कोल्हापूरजवळचे शिंगणापूर ही निराळीच गावे. पण नुसते ‘शिंगणापूर’ लिहिले तर कोणते ते यंत्राने ओळखायचे कसे?

पालकांना हे दुखणे नवीन नाही. शाळेच्या दाखल्यावर महंमद, आधार कार्डावर मोहम्मद, रेशनकार्डावर मुहम्मद आणि बँकेच्या पासबुकात नुसते एम.डी. माणूस एक, पण कचेरीच्या लेखी चार. त्यापायी शिष्यवृत्तीचे अर्ज कसे अडकतात हे या सभागृहात बसलेल्या पुष्कळांनी भोगले आहे. वाचणाऱ्या यंत्राची अडचण नेमकी हीच आहे. मराठीसाठी हे काम चालू आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त मराठी शब्दांचे अर्थ आणि परस्परसंबंध जोडणारे ‘वर्डनेट’ तयार झाले. पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ या गटाने २०२२ मध्ये २५,००० मराठी वाक्ये माणसांकडून तपासून, त्यांतले माणसाचे नाव कोणते, गावाचे कोणते, संस्थेचे कोणते, अशा खुणा करून यंत्रांसाठी खुली केली. पुन्हा पाहा, आधी माणूस बसला, मग यंत्र शिकले.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि त्यासाठी लांब जायला नको. इंटरनेटवर शनिशिंगणापूरबद्दल कोणत्याही भाषेत वाचा. पहिले वाक्य ठरलेले असते की या गावातल्या घरांना दारे नाहीत. दुसरेही ठरलेले, की येथे कधीही चोरी होत नाही. ही दोन वाक्ये किती पानांवर असतील याची गणती नाही. प्रवास कंपन्यांची पाने, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, परदेशी लेखकांची प्रवासवर्णने, सगळीकडे तीच.

आपण या परिसरात राहतो. श्रद्धेचा आदर आपण सर्वच करतो, आणि चौकटींना कवाडे न लावण्याची रीत या गावाने पिढ्यान् पिढ्या सांभाळली ही गोष्ट खरी आहे, नवलाचीही आहे. पण तिच्याबरोबरच्या इतर गोष्टीही खऱ्या आहेत. २०१० साली एका भाविकाच्या गाडीतून रोकड आणि ऐवज गेल्याची तक्रार झाली. २०११ मध्ये सोन्याचे दागिने चोरीला गेल्याची तक्रार झाली. त्याच २०११ साली यूको बँकेची शाखा निघाली आणि ‘कुलूप नसलेली बँक’ म्हणून तिचा देशभर बोलबाला झाला. तिला काचेचे दार आहे, आणि सहज डोळ्यांत न भरणारे विजेवर चालणारे कुलूपही आहे, हे काही बातमीदारांनी नंतर लिहिले. २०१५ साली गावाला स्वतंत्र पोलीस ठाणे मिळाले. या गोष्टीही छापून आल्या आहेत. पण त्या थोड्या पानांवर आहेत आणि पहिली दोन वाक्ये असंख्य पानांवर. मते मोजून सत्य ठरवणाऱ्या यंत्रापुढे कोण जिंकणार?

यातला खरा घोटाळा एका लहानशा शब्दाचा आहे. गावातला जुना माणूस बोलतो तेव्हा तो म्हणतो, ‘इथं चोरी होत नाही असं म्हणतात’, किंवा ‘अशी श्रद्धा आहे’. पहिला लिहिणारा हे शब्द ठेवतो. त्याच्यावरून लिहिणारा जागा वाचवण्यासाठी ‘असे म्हणतात’ गाळतो. तिसरा त्यात ‘कधीही’ घालतो. यंत्राकडे पोचेपर्यंत श्रद्धेचे विधान घटनेचे विधान होऊन बसते. मराठीत हे शब्द वाक्याच्या शेवटी येतात. कात्री लावायला शेपूटच सोयीचे असते. ‘म्हणतात’, ‘ऐकिवात आहे’, ‘अशी आख्यायिका आहे’, ‘म्हणे’ या शब्दांनी आपल्या पूर्वजांनी ऐकलेले आणि पाहिलेले वेगळे ठेवले होते. व्याकरणाच्या तासाला मी आता हे शब्द फळ्यावर वेगळे लिहून देतो.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला मी ‘माझे गाव’ या विषयावर पंधरा ओळी लिहायला सांगितल्या. शिंगणापूरच्या शिवारात वस्तीवर राहणाऱ्या एका मुलाने लिहिले की आमच्या गावात एकाही घराला दार नाही. मी त्याला बाजूला घेऊन विचारले, ‘‘तुझ्या घराला दार आहे ना रे?’’ तो म्हणाला, ‘‘आहे सर. पत्र्याचं आहे. कुत्री शिरतात म्हणून आब्बांनी बसवलं.’’ ‘‘मग असं का लिहिलंस?’’ त्यावर तो मुलगा काय म्हणाला ऐका. ‘‘सर, मोबाइलमध्ये असंच आहे. आपलं लिहिलं असतं तर चूक धरलं असतं ना?’’

पालकहो, यंत्र चुकले याचे मला काही वाटत नाही. पुस्तकेही चुकतात. पण रोज संध्याकाळी जे दार तो स्वतःच्या हाताने ओढून घेतो, ते दार त्या मुलाला उत्तरपत्रिकेत लिहिण्याजोगे वाटले नाही, ही गोष्ट मला रात्री झोपू देत नव्हती. ज्ञान म्हणजे दुसऱ्याने आपल्याबद्दल लिहिलेले, आणि आपण पाहिलेले ते काहीच नव्हे, असा हिशेब त्याच्या मनात कोणी मांडला? मोबाइलने एकट्याने नक्कीच नाही. गाइडमधले उत्तर शब्दाला शब्द आले की पूर्ण गुण देणारे आपण सगळेच त्यात आहोत.

हजार पानांवर एकच वाक्य आले म्हणजे हजार साक्षी झाल्या काय? एकाने लिहिले आणि नऊशे नव्याण्णव जणांनी उतरवून घेतले, तर साक्ष एकच. आपल्याकडे हदीसच्या अभ्यासकांनी हा प्रश्न अकराशे-बाराशे वर्षांपूर्वी सोडवायला घेतला होता. कोणी कोणाकडून ऐकले, ही सगळी साखळी, म्हणजे इस्नाद, नावानिशी द्यायची. प्रत्येक दुवा तपासायचा. माणूस सचोटीचा होता काय, स्मरण कसे होते. इमाम बुखारी तर सांगणारा आणि ऐकणारा यांची प्रत्यक्ष भेट झाली होती काय, हेही पाहत. आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक साखळ्यांनी जी वार्ता येते तिला ‘मुतवातिर’ म्हणून वेगळे स्थान होते. इतिहासाचार्य राजवाडे खेडोपाडी फिरून मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा करीत, तेव्हा त्यांचाही आग्रह हाच असे की अस्सल कागद दाखवा. वाचणारी यंत्रे घडवणारे शास्त्रज्ञही आता याच वाटेने जात आहेत: किती पानांवर आहे याऐवजी, एकमेकांवरून न उतरवलेल्या किती ठिकाणी आहे हे मोजायचे.

दुसरी अडचण काळाची. २०१६ च्या एप्रिलपूर्वीची पाने वाचाल तर शनीच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाता येत नाही असे सापडेल. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला, देवस्थानाने तो सर्वांना खुला केला. जुनी पाने मात्र जागची हललेली नाहीत. ती आजही वाचली जातात. आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. त्याआधीच्या असंख्य पानांवर अहमदनगर आहे. यंत्राला हे दोन जिल्हे वाटता कामा नयेत, आणि नेहरूंना अहिल्यानगरच्या किल्ल्यात ठेवले होते असे त्या काळच्या तोंडी घालणेही बरोबर नाही. प्रत्येक गोष्टीला ‘केव्हापासून केव्हापर्यंत’ हे शेपूट हवे. इतिहासाच्या मास्तराला याहून वेगळे काय हवे असते?

आज तुमच्या मोबाइलवर जी बोलणारी यंत्रे आहेत, नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅट जीपीटी आल्यापासून ज्यांचा गाजावाजा आहे, ती ‘नेल’सारखी वहीत वेगळ्या नोंदी ठेवत नाहीत. त्यांना अफाट मजकूर वाचायला दिला आणि एकच खेळ कोट्यवधी वेळा खेळायला लावला: वाक्य अर्धे झाकून पुढचा शब्द ओळखायचा. ‘गाळलेल्या जागा भरा’ म्हणा ना. त्यातून त्यांना भाषा अशी आली की ऐकत राहावे, आणि ज्ञान त्या भाषेतच विरघळून राहिले, दुधात साखर राहते तसे. त्यामुळे ती छान बोलतात; पण अमुक गोष्ट तुला कोणत्या पानावरून कळली, असे विचारले तर आपल्या आठवणीतून ती खात्रीने सांगू शकत नाहीत. कधी कधी नसलेल्या पुस्तकाचे नावही देतात. काही यंत्रे आता उत्तर देण्यापूर्वी पाने शोधून त्यांचा पत्ता खाली देतात. मुलांना एवढे तरी शिकवा, की तो पत्ता उघडून पाहायचा. विश्वकोशातल्या नोंदीखाली नाव असते, ते ध्यानात ठेवा असे मी म्हणालो होतो, ते यासाठी.

आणि जे कोठेच लिहिलेले नाही, ते तर कोणतेच यंत्र शिकत नाही. शिंगणापूरबद्दल निदान दोन वाक्ये आहेत. आजूबाजूच्या कित्येक वाड्यावस्त्यांबद्दल एकही नाही. गावाबद्दल जसे एक ठरीव वाक्य फिरते तसे मोहल्ल्याबद्दल फिरते, समाजाबद्दल फिरते, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या वाक्यावर चिडून उपयोग नाही. यंत्र चिडलेले वाचत नाही, लिहिलेले वाचते.

म्हणून यंदा आम्ही आठवी-नववीच्या मुलांना एकेक वही दिली आहे. पानावर चार रकाने: गोष्ट काय, सांगितली कोणी, ती त्याने पाहिली की ऐकली, आणि केव्हाची. मुले घरोघर जाऊन विचारतात. विहीर कोणी खणली, शाळेची पहिली खोली कोणत्या साली झाली, पीठगिरणी आली तेव्हा दळणाचा दर काय होता, आज्जीच्या माहेरी कोणती भाषा बोलत. मजकूर नीट झाला की शिक्षकांनी तपासून तो मराठीत आणि उर्दूत इंटरनेटवर ठेवायचा, सांगणाऱ्याची परवानगी घेऊन, असा विचार आहे. पहिल्याच महिन्यात भांडण उभे राहिले. मुळेच्या पाटाचे पाणी आपल्या शिवारात प्रथम कोणत्या वर्षी आले, याचे दोन आजोबांनी दोन निरनिराळे साल सांगितले, आणि दोघेही म्हणतात की मी बांधावर उभा होतो. मुलांनी दोन्ही साले नावांसकट लिहून ठेवली आहेत. कोणा पालकांच्या ट्रंकेत त्या वेळची पाणीपट्टीची पावती असेल तर कृपा करून शाळेत पाठवावी. पाहून, नोंद करून दुसऱ्या दिवशी परत करू.